खाकी शर्टावरचा लांब केस

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही. गोधडीसाठी आपण ट्रंकेत चिंध्या टाकत जातो, आणि एक दिवस झाकण लागेनासं होतं, तसंच त्यांचं. मग चार मैत्रिणी जमल्या की झाकण उघडायचं, एकेक चिंधी हातात घ्यायची आणि हसायचं. आमच्या सिंदी रेल्वेच्या गल्लीतल्या या चिंध्या एका टीव्ही सिरियलच्या आहेत. तेव्हा मात्र सगळंच हसण्यासारखं नव्हतं. शोभाचा संसार त्यात अडकला होता. आज आठवलं की आधी हुश्श वाटतं, हसू नंतर येतं.

दूरदर्शनच्या नागपूरच्या मनोऱ्यामुळे आमच्याकडे चित्र दिसायला लागलं, आणि गल्लीतला पहिला टीव्ही आमच्या घरी आला. आमचे हे हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत. रविवारी सकाळी एक हिंदी सिरियल लागायची. त्यात पांढऱ्या कोटातले एक डॉक्टर असत. खून झाला की पोलीस त्यांना बोलवत. ते भिंगातून राख बघत, कपाचा काठ बघत, चपलेचा चिखल बघत, आणि शेवटी चष्मा काढून गुन्हेगाराचं नाव सांगत. त्यांनी चष्मा काढला की आमच्या हातातल्या शेंगा सोलायच्या थांबायच्या!

ती सिरियल आम्हाला एवढी का आवडायची? मला वाटतं, आपल्या घरातली वाटी हरवली तरी ती कोणी नेली हे जन्मभर कळत नाही. तिथं अर्ध्या तासात सगळं कळायचं. निर्दोष माणूस सुटायचा, आणि आम्ही सुखानं स्वयंपाकाला लागायचो.

बघायला आम्ही ठरलेल्या पाचजणी. मी, समोरच्या ढोलेकाकू, सरकारी दवाखान्यातली नर्स रत्ना, शेजारची शोभा आणि शोभाची सासू. सासूला शोभा आत्याबाई म्हणायची, म्हणून आम्ही सगळ्याच म्हणायचो.

* * *

ढोलेकाकूंना भिंगाची गरज नव्हती. त्यांनी स्वतःची पद्धत शोधली होती. "जो च्या सोडून देते, थोच खुनी!" असं त्या पहिल्या पाच मिनिटांत सांगायच्या. डॉक्टर चौकशीला गेले, घरात चहा आला आणि एखाद्यानं कप तसाच ठेवला की काकू टाळी वाजवायच्या. "पाहा! मनात खोट हाय, घोट उतरून नाई राह्यला!"

आणि बहुतेक वेळा काकूच बरोबर निघायच्या. त्यामुळे त्यांचा आत्मविश्वास फार वाढला.

मग त्यांच्या भाचीला बघायला आष्टीकडचा मुलगा आला. चांगला शिकलेला, शांत. पोहे खाल्ले, चहाचा एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. काकूंनी आतून खूण केली, "नाही म्हणा!"

पाहुणे गेले. मग घरच्यांनी तो चहा पिऊन पाहिला. दूध नासलं होतं!

"म्हणजे पोरगा चांगला होता," भाची रडवेली होऊन म्हणाली.

काकू म्हणाल्या, "चांगला होता तर बोलला काऊन नाई? एवढं लपवते, उद्या आणखी काई लपवंन!"

सुदैवानं त्या मुलानं होकार कळवला. आता त्यांना दोन मुलं आहेत, आणि तो काकूंकडे आला की कप उपडा करून दाखवतो.

* * *

एका रविवारी डॉक्टरांनी चष्म्याला हात घातला आणि लाइट गेली!

आम्ही पाचही जणी काळ्या पडद्याकडे बघत राहिलो. खून मुनिमानं केला की पुतण्यानं? पुढच्या रविवारी नवीन गोष्ट सुरू होणार. म्हणजे हे आता कधीच कळणार नाही!

काकू उठल्या. "दुपारच्या पॅसेंजरनं नागपूरची माणसं येते. त्यायच्याकडं तं लाइट असंन न!"

मला वाटलं गंमत करताहेत. पण बारा वाजता त्या खरंच मला ओढत स्टेशनवर घेऊन गेल्या. गाडी थांबली. काकू एकेका खिडकीशी जाऊन विचारायला लागल्या, "अवो भाऊ, खून कोनं केला? सांगा न, खून कोनं केला?"

लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. एका बाईनं तर लेकराला पदराखाली लपवलं. तेवढ्यात रेल्वे पोलीस धावत आला. "कोणाचा खून? कुठं? लाश कुठं आहे?"

शिट्टी झाली, गाडी हलली. शेवटच्या डब्यातून एक चष्मेवाले गृहस्थ बाहेर वाकून ओरडले, "मुनिमानं! मुनिमानं केला!"

काकूंनी दोन्ही हात जोडले. मग पोलिसाकडे वळून म्हणाल्या, "झालं. मुनीम होता. आता तुमी जा, जेवून घ्या."

* * *

आता शोभाचं सांगते.

शोभा वडनेरची. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. नवरा प्रभाकर एसटीत कंडक्टर, कामसू आणि हसरा. मध्ये तिला टायफॉइड झाला. त्यात तिचे केस गळून जेमतेम खांद्यापर्यंत उरले, आणि तेव्हापासून ती आरशासमोर फारशी उभी राहत नसे.

एका रविवारी सिरियलमध्ये डॉक्टरांनी कोटावर सापडलेल्या केसावरून माणूस पकडला. आम्ही "वा! वा!" करत होतो. मी चहा दिला. थोड्या वेळानं काकू माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "शोभानं च्या सोडला वं!"

आत्याबाई घरी गेल्यावर मी शोभाला स्वयंपाकघरात बोलावलं. काही विचारण्याआधीच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पदराच्या गाठीतून तिनं एक कागदाची पुडी काढली. आत एक केस होता. काळाभोर, आणि हातभर लांब!

"यायच्या खाकी शर्टावर सापडला. पह्यलाच नाई हा. याच्या आधीही दोनदा सापडला, मी फेकून देल्ला."

"प्रभाकरला विचारलंस?"

"इचारलं. म्हणते, मले काय मालूम, बसमंधी कोणाचा चिकटला असंन." तिनं केस उजेडात धरला. "पण थो कॉलरच्या आतून निघाला, वहिनी. माझे केस हे असे. त्यायले लांब केसायची आवड हाय. लग्नात माझ्या वेणीकडंच पाहात होते."

ती नवऱ्याशी बोलायची थांबली होती. वडनेरला भावाला निरोपही गेला होता. पुढचा रविवार सोडून त्यानंतरच्या रविवारी भाऊ तिला न्यायला येणार होता.

"किती दिवसांसाठी?" मी विचारलं.

तिनं पुडी पदराच्या टोकात ठेवली. पुन्हा गाठ मारली.

* * *

काकूंनी पाळत ठेवायचं ठरवलं. डोक्यावरून पदर पुढे ओढून, फक्त नाक बाहेर ठेवून त्या प्रभाकरच्या बसमध्ये बसल्या. ओळखू येऊ नये म्हणून मुद्दाम मागच्या सीटवर.

प्रभाकर तिकिटं फाडत मागे आला आणि म्हणाला, "काकू, आज इकडं कोठं? मांगं लय दचके बसते, समोर चाला." आणि त्यानं त्यांना हाताला धरून ड्रायव्हरच्या मागे नेऊन बसवलं! तिथून मागचं काहीच दिसेना. म्हणून काकूंनी मान वळवून ठेवली आणि सेलूपर्यंत तशीच ठेवली.

संध्याकाळी मानेला तिळाचं तेल चोळत त्यांनी रिपोर्ट दिला. "सर्व्या बाया त्याले दादा म्हणते. एक म्हातारी फक्त मुडद्या म्हणाली."

"ती का?"

"तिची कोंबडी त्यानं टपावर ठेवाले लावली."

"मग संशय कोणावर?"

काकूंनी बराच विचार केला. "म्हातारीवर नाई," त्या म्हणाल्या.

* * *

काकूंच्या पोटात काही राहत नाही. आत्याबाईंपर्यंत गोष्ट गेलीच. आम्हाला वाटलं, आई आहे, मुलाची बाजू घेईल. पण आत्याबाई वेगळ्याच निघाल्या. त्यांनी कमरेला पदर खोचला.

"पोरगा माझा होय म्हणून मी झाकून नाई ठेवणार! डॉक्टर काय करते सिनेमात? घरच्याले सोडते काय? कोणाचा केस हाय थे मी काढतोच!"

दुसऱ्या दिवसापासून त्या नळावर येऊन उभ्या राहू लागल्या. पाणी भरायचं निमित्त, नजर सगळ्यांच्या वेण्यांवर. पोरीबाळी वेण्या पदरात लपवून घागरी भरायला लागल्या. आणि गल्लीत कमरेखाली वेणी एकीचीच होती, रत्नाची.

रत्ना दर बुद्धपौर्णिमेला गल्लीभर खीर वाटायची. कोणाचं लेकरू तापलं तर न बोलावता यायची. शोभाच्या टायफॉइडमध्ये तर रोज त्यांच्या घरी सुई द्यायला जायची. भाड्याच्या खोलीत एकटी राहायची आणि खेड्यातल्या ड्युटीला प्रभाकरच्याच बसनं जायची. आत्याबाई नळावर सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "एकटी राह्यते. त्याच्याच बसनं जाते. अन् केस पाहा केवढे!"

रत्नानं घागर खाली ठेवली. वेणी सोडून पुढे घेतली. "घ्या आत्याबाई, मोजा. पण जे निघेल ते असंच सगळ्यांसमोर सांगायचं."

आत्याबाईंनी मोजले नाहीत. घागर अर्धीच घेऊन त्या घरी गेल्या. त्या रविवारी रत्ना सिरियल बघायला आली नाही. मी शेंगा भाजल्या होत्या, पण कोणी खाल्ल्या नाहीत. खुनी कोण निघाला तेही मला आठवत नाही.

संध्याकाळी शोभा रत्नाच्या दारात गेली. मी सोबत होते. शोभा रडतच म्हणाली, "ताई, मी तुमचं नाव नाई घेतलं हो!"

"माहीत आहे मला," रत्ना म्हणाली. "ज्या केसानं घेतलं, तो केस दे."

* * *

शाळेत सूक्ष्मदर्शक होता. मी यांना विचारलं, तर हे म्हणाले, "तो कांद्याची साल बघण्यासाठी आहे. गल्लीच्या वेण्या बघण्यासाठी नाही!"

मी म्हटलं, "शोभाचा भाऊ रविवारी येणार आहे."

यांनी वर्तमानपत्राची घडी केली. मग म्हणाले, "शनिवारी शाळा सुटल्यावर या. कंगव्यातले केस आणा, वेगवेगळ्या पुड्यांत."

शनिवारी मी, काकू आणि रत्ना प्रयोगशाळेत गेलो. शोभा आली नाही. काकूंनी हट्टानं पहिला नंबर लावला. नळीला डोळा लावला आणि किंचाळल्या, "सापडला! सापडला! बाप्पा, केवढा दांडगा केस हाय! एक नाई, पुरं झुडूपच हाय!"

हे शांतपणे म्हणाले, "काकू, त्या तुमच्या पापण्या आहेत. डोळा जरा वर घ्या."

मग यांनी एकेक केस लावला. माझा, काकूंचा, शोभाचा, रत्नाचा. आम्ही पाळीपाळीनं पाहिलं. प्रत्येक केसाच्या एका टोकाला बारीकशी पांढरी गाठ होती, कांद्याच्या रोपाच्या बुडाशी असते तशी.

"हे मूळ," हे म्हणाले. "केस डोक्यातून गळतो तेव्हा मूळ सोबत घेऊन येतो. आता हा बघा."

त्यांनी शोभाच्या पुडीतला केस लावला. एक टोक पाहिलं. केस सरकवून दुसरं पाहिलं. पुन्हा पहिलं पाहिलं. मग यांनी चष्मा काढला! देवाशपथ सांगते, अगदी सिरियलमधल्या डॉक्टरांसारखा काढला.

"याला मूळच नाही. दोन्ही टोकं कात्रीनं कापलेली. हा कोणाच्या डोक्यातून गळलेलाच नाही."

काकूंचा चेहरा उतरला. "म्हणजे भुताचा काय, सर?"

रत्ना मात्र हसायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती बाकावर बसून राहिली.

"उद्या सांगते," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर सांगायचं ठरलंय ना."

* * *

रविवारी सकाळीच शोभाचा भाऊ आला. तो आणि प्रभाकर आमच्या ओसरीवर खाटेच्या दोन टोकांना बसले. दोघांच्या मध्ये शोभाची पिशवी. दोघेही रस्त्याकडे बघत होते.

आत सिरियल सुरू व्हायला थोडा वेळ होता. आत्याबाई नेहमीप्रमाणे सर्वांच्या पुढे, टीव्हीसमोर बसल्या होत्या. शोभा त्यांच्या मागे. रत्ना आली, पण दारातच बसली.

मी टीव्हीचा आवाज कमी केला. रत्ना म्हणाली, "त्या केसाला मूळ नाही. सरांनी बघितलं, आम्ही तिघींनी बघितलं. दोन्हीकडून कापलेला आहे. असा केस डोक्यातून पडत नाही, गंगावनातून पडतो, अंबाड्यात घालायच्या उसन्या केसांतून. कुणीतरी गंगावन धुऊन गुपचूप न्हाणीतल्या खुंटीला वाळत टाकते, आणि त्याच खुंटीला प्रभाकरभाऊ अंघोळीच्या वेळी शर्ट टांगतात. एवढंच आहे ते."

"अव्वा!" काकू म्हणाल्या. "म्हणजे बाई नाईच?"

"बाई नाहीच."

बाहेर खाट करकरली. प्रभाकरनं ऐकलं असावं.

"पण मग गंगावन कोन लावते वं?" काकू कामाला लागल्या. "मी नाई लावत. वहिनी, तुमी?"

मी मान हलवली. रत्नानंही. शोभानंही.

आत्याबाईंनी मान हलवली नाही. त्या टीव्हीकडे बघत होत्या. टीव्हीवर साबणाची जाहिरात चालली होती. बघता बघता त्यांचा पदर कपाळावर आला, मग भुवयांवर आला.

"आवाज वाढव न वं टीव्हीचा!" त्या एकदम म्हणाल्या. "कवाच्या केसं केसं करून राह्यल्या! माझा पोरगा तसा नाईच. मी पह्यल्या दिवसापासून सांगून राह्यलो!"

काकूंनी तोंड उघडलं. मी त्यांच्या तोंडात शेंगदाणे कोंबले.

आत्याबाईंनी दाराकडे न बघताच हाक मारली, "नर्सबाई, थ्या दारात काऊन बसली? इकडं ये. पंख्याखाली बस माझ्यापाशी."

रत्ना क्षणभर तशीच बसून राहिली. मग उठून त्यांच्याशेजारी येऊन बसली.

शोभा मागून सासूच्या पदराकडे, पदराखाली एका बाजूला घसरलेल्या त्या भल्यामोठ्या अंबाड्याकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. मग तिनं स्वतःच्या केसांतल्या दोन पिना काढून दातांत धरल्या आणि दोन्ही हात हळूच पदराखाली घातले.

"आत्याबाई, मान नका हलवू," ती म्हणाली.

आत्याबाईंनी मान ताठ धरली. डॉक्टर पडद्यावर आले. बाहेरून शोभाच्या भावानं आवाज दिला, "शोभे, आटप वं! बस निघून जाईन."

शोभाच्या दातांत पिना होत्या, तिला बोलता येईना. आत्याबाईच बोलल्या, मान तशीच ताठ ठेवून.

"तिले सवड नाई म्हणा त्याले. जेवून जाय म्हणा, अन् एकटाच जाय!"